वरचा थर

मुलांनो, गोष्ट सुरू करायच्या आधी माझ्याबरोबर जरा एक कल्पना करा. तुम्ही पाणीपुरीच्या ठेल्यापुढे उभे आहात. दिल्लीकडे तिला गोलगप्पा म्हणतात, पण तोंडाला पाणी सुटायचं ते सारखंच सुटतं. ठेलेवाल्यानं पुरी पुदिन्याच्या पाण्यात बुडवून तुमच्या द्रोणात ठेवली आहे. ती अर्धी खाता येत नाही, सबंधच तोंडात टाकावी लागते. तर आता तोंड उघडा. आणखी उघडा. आणि समजा, ते मध्येच थांबलं. दुखत नाही, कुणी धरलेलंही नाही, पण कपाटामागे काहीतरी सरकून पडावं आणि दार अर्ध्यातच अडावं तसं ते अडलं. पुरी ओठांशी आहे, पाणी मनगटावरून कोपराकडे निघालंय, पाठीमागे रांग आहे, आणि तुमचंच तोंड तुम्हाला आत घेत नाही. घाई करू नका. नीट कल्पना करा. कारण ही गोष्ट ज्या माणसाची आहे, त्याचं असं एका साध्या शनिवारी संध्याकाळी झालं, आणि तो त्यानंतर त्या दारामागेच राहिला.

त्याचं नाव सुधन्वा. मूळचा पुण्याचा, नोएडात संगणकाच्या कंपनीत नोकरी, आणि घर गाझियाबादच्या एका उंच इमारतीत. ठेल्यापाशी त्यानं ती पुरी बोटांनी मोडली आणि तुकडे तुकडे करून खाल्ली. शेजारी उभी असलेली त्याची मुलगी सृष्टी फिस्सकन हसली होती. ‘बाबा, गोलगप्पा कोणी तोडून खातं का, यार! भैया बघतोय.’ तोही हसला होता. पण घरी आल्यावर बाथरूमचं दार लावून त्यानं आरशासमोर गाल बोटानं ओढून धरला, तेव्हा आत, दाढांच्या रेषेत, एक पांढरा पट्टा दिसला. तापवलेल्या दुधावर साय धरते तसा. साय म्हणून त्यानं तो पुसून पाहिला. निघाला नाही. त्या दिवसापासून जीभ तिथं जाऊ लागली. मीटिंगमध्ये आवाज बंद करून तो दुसऱ्यांचं ऐकत बसला असला की जीभ हळूच निघायची आणि त्या खरखरीत जागेवर फिरून यायची, कुलूप लावलंय की नाही हे पुन्हा पुन्हा जाऊन बघणाऱ्या माणसासारखी. तिखट लागलं की तो भाग पेटायचा. वरणभात, ताक, मऊ खिचडी. रेवती, त्याची बायको, म्हणाली होती, ‘तू आजारी माणसासारखं का जेवतोस हल्ली?’ आणि तो म्हणाला होता, ‘ॲसिडिटी.’

आता तो पाटावर बसला होता. कार्तिक पौर्णिमेची सुट्टी होती. खिडक्या सगळ्या घट्ट लावलेल्या, कारण बाहेर धूर आणि धुकं मिळून असं काही साचलं होतं की समोरची इमारत नुसती अंदाजानंच असावी. कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं यंत्र लाल दिवा लावून घुरघुरत होतं, आणि त्यात उदबत्तीचा धूर मिसळल्यावर ते बिचारं आणखीच जोरानं घुरघुरायला लागलं. खालून कुठूनतरी गुरुद्वाऱ्याच्या कीर्तनाचा आवाज काचेवर येऊन थांबत होता. शेजारी रेवती, अंगावर शेला, त्याची सुधन्वाच्या उपरण्याशी गाठ मारलेली. समोर चौरंगावर तांदूळ, त्यावर कलश, आणि विड्याच्या पानावर एक सुपारी. तिच्याकडे हात करून गुरुजी म्हणाले, ‘हा गणपती. गंध लावा.’ सुधन्वानं सुपारीला गंध लावलं. पुढं ओळीनं नवग्रह मांडलेले, तेही सुपाऱ्याच. इतक्या सुपाऱ्या त्याच्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि त्याची जीभ आत, गालाशी, चोरासारखी बसली होती.

पूजा त्याच्या आईनं, साधनाताईंनी, घातली होती. त्या पुण्याहून मुद्दाम आल्या होत्या, कारण सुधन्वाच्या तोंडाच्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आला होता. म्हणजे तो तसं फोनवर म्हणाला होता. ‘आई, काही सापडलं नाही.’ हे वाक्य खोटं नव्हतं. मुलांनो, काही वाक्यं अशी असतात की ती खरी असतात, पण त्यांच्या पाठीला दुसरं वाक्य जोडलेलं असतं, आणि ते कापून टाकलं की पहिलं वाक्य खोट्यापेक्षा वाईट होतं. आईनं तिकडून लगेच म्हटलं, ‘बघ, मी सत्यनारायण बोललेच होते. आता त्या तोंडाचं नाव काढायचं नाही. देवाला एकदा सांगून झालं की परत परत विचारायचं नसतं.’ आणि फोन ठेवल्यावर त्याला वाटलं होतं की आपण एका खोलीत आलो आणि मागचं दार आपणच ओढून घेतलं.

दुसरं वाक्य डॉक्टर भसीनबाईंचं होतं. त्यांचा दवाखाना बाजारातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या खेपेला त्यांनी गालाच्या आत आरसा धरून बराच वेळ पाहिलं, बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, ‘गुटखा? खैनी? सिगरेट?’ तो जवळजवळ दुखावलाच. ‘नहीं मैडम. कुछ भी नहीं.’ चांगल्या घरातला माणूस असा प्रश्न ऐकला की ताठ बसतो, तसा तो खुर्चीत ताठ बसला. आणि त्या क्षणी त्याच्या शर्टाच्या खिशात चपटी डबी होती. डबीत भाजकी सुपारी. ती त्याला आठवलीच नाही. कशी आठवणार? दुपारच्या उन्हात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आई बसलेली, पुढ्यात अडकित्ता, कट् कट् कट् असा आवाज, आणि तो भिंतीला टेकून पाढे म्हणतोय. एकोणीसचा पाढा अडखळला नाही तर एक फोड मिळायची, तुपावर भाजलेली, लवंगेचा वास असलेली. ती गालात धरायची असते, चावून टाकायची नसते, हेही आईनंच शिकवलं. पुढे वसतिगृहात, पुढे पहिल्या नोकरीत, पुढे दिल्लीत मुनिरक्यातल्या त्या एका खोलीत जिथं दिवसाही दिवा लावावा लागायचा, पुण्याहून जो कोणी येई त्याच्याबरोबर डबा यायचा. डबा उघडला की घर उघडायचं. ऑफिसात दिवसभर तो घराचा एक तुकडा गालात धरून बसत असे. त्याला कुणी व्यसन म्हणेल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. व्यसन म्हणजे पिचकाऱ्या, पुड्या, कोपऱ्यातले लाल डाग. हे तर देवापुढे ठेवतात.

भसीनबाई म्हणाल्या होत्या, छोटा तुकडा काढून तपासावा लागेल, बायोप्सी. ‘काटना ज़रूरी है?’ त्यानं विचारलं, आणि त्याचे हात खुर्चीच्या दांड्यावर असे आवळले गेले की त्या हसल्या. सुरीचं नाव काढलं की पेशंट गायब होतात, परत येतात तेव्हा उशीर झालेला असतो, असं त्या म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, चला, आधी ब्रश करू. एक लहानसा, गोल, राठ केसांचा ब्रश. त्यांनी तो त्या पांढऱ्या जागेवर टेकवून बोटांमध्ये गरगर फिरवला, रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत. चुरचुरलं, पण सोसवलं. ब्रशावर जे काही आलं ते त्यांनी काचेच्या पट्टीवर पसरलं. डोळ्यांना ते नुसतं धुरकट दिसलं, बोट लागल्यासारखं. पट्टी औषधात बुडवली. सुई नाही, टाका नाही. तो जिना उतरताना शीळ घालत होता. म्हणजे घालायचा प्रयत्न करत होता. ओठ जमत नव्हते.

रिपोर्ट घ्यायला गेला त्या दिवशी सृष्टीला पोहण्याच्या वर्गातून आणायचं होतं, म्हणून ती बरोबर होती, ओल्या केसांची, क्लोरीनचा वास येणारी. भसीनबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, यात वाईट पेशी दिसल्या नाहीत. त्याच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की सृष्टीनं त्याच्याकडे पाहिलं. तो उठायलाच लागला होता. ‘बैठिए,’ बाई म्हणाल्या. ‘अभी बात पूरी नहीं हुई.’

त्यांना मुलांशी बोलायला आवडत असावं, कारण पुढचं त्या सृष्टीलाच सांगत होत्या. दवाखान्याच्या कोपऱ्यात पावसाळ्यातली ओल भिंतीवर उमटली होती, रंगाचे पोपडे सुटले होते. त्यांनी नखानं एक पोपडा काढला. ‘बेटा, ये देखो. इससे क्या पता चला?’

‘रंग ख़राब है,’ सृष्टी म्हणाली.

‘और ईंट?’

सृष्टीनं पोपडा उलटासुलटा केला. ‘ईंट तो इसमें आई ही नहीं.’

‘बस. शाबाश.’

मुलांनो, ब्रशाचं काम एवढंच आणि एवढं मोलाचं. त्यात वाईट पेशी सापडली तर वेळ न घालवता पुढे धावता येतं. कितीतरी माणसं केवळ त्यामुळे वेळेवर हाताला लागतात. पण सापडली नाही, तर ती ब्रशाला सापडली नाही, इतकंच कळतं. वरच्या थरातल्या पेशी सुट्या सुट्या येतात. खालचे थर एकमेकांवर नीट रचलेले आहेत की त्यांच्यात कुणी घुसलंय, हे त्यातून दिसत नाही. आणि पांढरा पट्टा तर तसाच आहे, जागा हाताला कडक लागते, तोंड उघडत नाही. तेव्हा तुकडा काढावाच लागेल, आणि लवकर. भसीनबाईंनी हे सगळं शांतपणे सांगितलं, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘सुपारी?’

‘वो... खाने के बाद. घर की बनी हुई. माँ भेजती हैं.’

‘दिनभर खातात,’ सृष्टी मराठीतच म्हणाली, आणि बाईंना ते बरोबर कळलं. ‘इसी से होता है,’ त्या म्हणाल्या.

लिफ्टमध्ये तो आरशाकडे पाठ करून उभा राहिला. तळमजला यायच्या आत म्हणाला, ‘सृष्टी, घरी आत्ता एवढंच सांगायचं, रिपोर्ट चांगला आला.’

‘आणि ते कापायचं?’

‘आजीनं सत्यनारायण बोललाय, त्यासाठी ती येणार आहे. तिला किती आनंद होईल माहितीये ना? पूजा होऊ दे. मग बघू.’

‘मग म्हणजे पूजा झाल्यावर?’

‘हो ग. पूजा झाल्यावर.’

‘प्रॉमिस?’

‘प्रॉमिस,’ तो म्हणाला. मोठी माणसं ‘मग’ म्हणतात तेव्हा एक लांबचा, धुक्यातला डोंगर दाखवत असतात. त्याला तो डोंगर हवाच होता. कारण तुकडा काढायचा म्हटलं की घरात विचारणार, कशानं झालं? आणि सांगावं लागणार. आई समोर बसलेली असणार, हातात अडकित्ता. आई, तू दिलंस ते. पाढ्यांबरोबर दिलंस ते. हे वाक्य तोंडातून बाहेर पडण्याएवढं तोंड उघडतच नव्हतं. गालाच्या आतली जागा आणि हे वाक्य दोन्ही एकाच ठिकाणी कडक होत चालली होती, आणि कधीकधी पहाटे जाग आली की त्याला दोन्ही एकच वाटायची.

कथेचे अध्याय संपले. आरती झाली. आरतीत त्याचा आवाज सगळ्यांच्या आवाजात लपला, हे बरं झालं. शिऱ्याचा प्रसाद मऊ होता, तोही बरा. खाली सातव्या मजल्यावरचे मुरलीधरकाका, केंद्र सरकारातून निवृत्त झालेले, दोनदा शिरा घेऊन खुर्चीत ऐसपैस बसले होते. ‘साधनावहिनी, तुमच्या सत्यनारायणानं दिल्लीच्या डॉक्टरांना पण सरळ केलं हां! नाहीतर इथं नखाला गेलात तर हात कापून देतात.’

‘मी तर म्हटलंच होतं,’ आई म्हणाली. ‘माझ्या पोराला कसलं व्यसन नाही, काही नाही. नुसतं घरचं खाणारा. त्याला काय होणारे?’

‘बिल्कुल! आणि आता गाल भरभरून खा म्हणावं सगळं.’

सगळे हसले. रेवती पण हसली, पण तिनं सुधन्वाकडे क्षणभर पाहिलं. तो बशीत न संपलेला शिरा चमच्यानं गोल गोल फिरवत होता. त्याला वाटलं, आता म्हणावं. आता, या हसण्यात, सहज, एखादा विनोद केल्यासारखं. त्यानं ओठ विलग केले. तेवढ्यात आईनं मांडीवर ताटली घेतली आणि अडकित्ता काढला. कट्. तो आवाज त्याच्या मणक्यातून खाली गेला. कट्. खिडकीच्या काचेला बाहेरचं राखाडी अगदी टेकून उभं होतं, जसं काही आत यायची वाट बघत. यंत्र घुरघुरत होतं. खोलीत इतकी माणसं होती आणि त्यांचा श्वास आत-बाहेर होत होता आणि हवा मात्र तीच ती होती, सगळ्यांनी वापरलेली. ताटली फिरत फिरत त्याच्यापर्यंत आली.

‘घे,’ आई म्हणाली. ‘मुद्दाम तुझ्यासाठी लवंग जास्त घातलीय. आल्यापासून एकदाही मागितली नाहीस. विसरलास की काय आईची सुपारी?’

सगळे बघत होते. म्हणजे कुणीच बघत नव्हतं, काका गावच्या गप्पा मारत होते, पण त्याला तसं वाटलं. दाराशी सृष्टी उभी होती. ती मात्र खरंच बघत होती. सुधन्वानं एक फोड उचलली. ती तळहातावर किती हलकी होती. नाही म्हणायला एक कारण लागतं, आणि एक कारण सांगितलं की त्याला दुसरं जोडलेलं असतं. त्यानं फोड तोंडात टाकली आणि सवयीनं ती त्याच जागेवर जाऊन बसली, कुणी आपल्या पलंगावर जाऊन निजावं तशी. लवंग जळली. डोळ्यांत पाणी आलं. ‘छान झालीय,’ तो म्हणाला.

सृष्टी येऊन त्याच्या गुडघ्याशी बसली. हळूच म्हणाली, ‘बाबा, झाली ना पूजा?’

‘अं?’

‘तू म्हणाला होतास. पूजा झाल्यावर.’

‘अग, संपली कुठं?’ गालातली फोड सांभाळत तो म्हणाला. ‘उत्तरपूजा असते. उद्या सकाळी. ती होईपर्यंत देव इथंच असतात. तोवर असलं काही बोलायचं नसतं.’

‘आणि उद्या सकाळी तू ऑफिसला जाणार.’

‘संध्याकाळी बघू.’

‘आजी परवा जाणार. मग तू म्हणशील आजीला शांतपणे जाऊ दे.’

ती उठली. त्याला वाटलं, रुसली. मुलं रुसतात, विसरतात. पण ती सरळ गुरुजींकडे गेली. गुरुजींना करोल बागेत आणखी एक पूजा होती, ते पिशवी भरत होते, मेट्रो गाठायची घाई होती.

‘गुरुजी, ती उत्तरपूजा आत्ता करता येते का?’

‘आत्ता?’ त्यांनी आजीकडे पाहिलं. ‘येते की. हल्ली पुष्कळ घरी लगेच करतात, सकाळी नोकरीची गडबड असते. काय आजी, करून टाकू?’

‘करा की,’ आई म्हणाली. ‘पोरीला किती हौस आहे बघा. दिल्लीत राहून पण संस्कार सुटले नाहीत हो.’

सुधन्वाला पुन्हा उठून चौरंगापुढे यावं लागलं. गुरुजींनी हातात अक्षता दिल्या, घाईघाईत मंत्र म्हटला, ‘टाका,’ म्हणाले. त्यानं अक्षता टाकल्या. गुरुजींनी कलश जरासा हलवला. पुरुषभर उंचीचं काहीतरी खोलीतून निघून गेलं असं त्याला वाटलं, आणि समोर तांदळावर नुसत्या सुपाऱ्या राहिल्या. तपकिरी, कठीण, रेघा असलेल्या. गणपती नाही, ग्रह नाहीत. गुरुजींनी त्या मुठीनं गोळा करून आईच्या पुढ्यात ठेवल्या. किती साध्या होत्या त्या. त्यांच्याकडे बघताना त्याच्या लक्षात आलं की त्यानं सुपारीकडे आजवर कधी नुसती सुपारी म्हणून पाहिलंच नव्हतं. आणि आईकडेही नाही. ती एक थकलेली बाई होती, चष्मा नाकावर घसरलेला, मुलाच्या जिवासाठी रात्रभर रेल्वेनं बसून आलेली. तिला जर कुणी विचारलं असतं, सुपारी हवी की मुलगा, तर तिनं उत्तर द्यायलाही वेळ घेतला नसता. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानंच विचारू दिलं नव्हतं. त्याला बोलायचं होतं. जीभ हलली, सुपारीला अडली, आणि परत आपल्या जागी गेली.

‘झाली?’ सृष्टीनं गुरुजींना विचारलं.

‘झाली, बाळा. संपन्न.’

मग मुलांनो, सृष्टीनं काय केलं ते ऐका. तिनं टेबलावरचा बाबाचा फोन उचलला, दवाखान्याचा नंबर लावला आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. ‘हैलो, डॉक्टर भसीन का क्लिनिक? हाँ जी, मेरे पापा की बायोप्सी के लिए टाइम चाहिए. डॉक्टर ने कहा था जल्दी. सुधन्वा नाम है.’ मुरलीधरकाकांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. आजीनं चष्मा वर सरकवला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण सृष्टी थांबली, फोनवर हात ठेवला आणि रेवतीकडे वळली.

‘आई, बुधवारी सकाळी बाबांबरोबर कोणीतरी मोठं माणूस लागेल म्हणतायत. तुझं नाव सांगू?’

आणि उत्तराची वाट न बघता तिनं फोन रेवतीच्या हातात दिला.